जुलैमध्ये यलोस्टोन : आरव्ही ठरली, पण कॅम्पग्राउंड सगळी भरलेली

सांगलीकर (शिकागो परिसर)

नमस्कार मंडळी. येत्या जुलैमध्ये आई-बाबांना यलोस्टोन आणि ग्रँड टेटन ही राष्ट्रीय उद्याने दाखवायचे आम्ही ठरवले आहे. दोघे मे महिन्यात सांगलीहून आले आहेत. बाबा ७१ वर्षांचे आणि आई ६६ वर्षांची. आईचे गुडघे दुखत असल्याने रोज नव्या हॉटेलात सामान चढवणे-उतरवणे तिला झेपणार नाही, आणि बाबांना मधुमेह असल्याने वेळेवर घरचे खाणे व जवळ स्वच्छतागृह असणे आवश्यक आहे. म्हणून सॉल्ट लेक सिटीतून २५ फुटी क्लास सी आरव्ही (झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असलेली गाडी) भाड्याने घेतली आहे. शुक्रवारी दुपारी गाडी ताब्यात घेऊन पुढच्या शुक्रवारी दुपारी परत करायची आहे. आम्ही दोघे आणि नऊ वर्षांची मुलगी धरून पाच जण आहोत.

गाडी मिळाली, पण रात्री ती उभी करायला कॅम्पग्राउंडवर (मुक्कामाच्या तळावर) जागा मिळत नाही. मार्चअखेरीस बुकिंगला बसलो तेव्हा उद्यानाच्या आतले सर्व काही भरून गेले होते. वेस्ट यलोस्टोन गावातल्या एका खासगी आरव्ही पार्कमध्ये रविवार आणि सोमवारच्या रात्री मिळाल्या. उरलेल्या पाच रात्रींचा पत्ता नाही. जागा मिळाल्यावरही मनात धास्ती आहे. गेल्या वर्षी चार जुलैच्या सुट्टीत विस्कॉन्सिनमधल्या एका कॅम्पग्राउंडवर गेलो होतो. तिथे शेजारच्या गाडीचा जनरेटर आईच्या उशाशी आल्यासारखा रात्रभर घरघरत होता, सकाळी स्वच्छतागृहापुढे रांग होती आणि निघताना डम्प स्टेशनवर (सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करण्याच्या जागी) तासभर थांबावे लागले. आई काही बोलली नाही, पण ती तीन रात्री नीट झोपलेली नव्हती, हे मला घरी परतल्यावर कळले. तसे पुन्हा होऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे.

पाच रात्री कुठे काढाव्यात आणि गर्दीत वडीलधाऱ्यांचे हाल कसे टाळावेत, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. जागा नाहीच मिळाली, तर उद्यानातल्या एखाद्या वाहनतळावर रात्र काढता येते का?

गिरिवाट (डेन्व्हर)

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यावर अनेक जण भरवसा ठेवून येतात. यलोस्टोनमध्ये ठरलेल्या कॅम्पग्राउंडबाहेर, म्हणजे वाहनतळ, सहलीच्या जागा किंवा रस्त्याकडेची थांबण्याची जागा, यांपैकी कुठेही गाडीत रात्र काढायला मनाई आहे, आणि जादा गर्दीसाठी राखून ठेवलेली वेगळी जागाही तिथे नाही. रात्री दहा वाजता आई-बाबांना घेऊन शंभर मैल मागे फिरण्याची वेळ येऊ देऊ नका.

जागा मिळाली नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका. २०२१ च्या जुलैमध्ये यलोस्टोनला एका महिन्यात १० लाखांहून अधिक भेटी नोंदल्या गेल्या, म्हणजे दिवसाला सरासरी सुमारे ३५ हजार. उद्यानातली बाराही कॅम्पग्राउंड मिळून जागा मात्र दोन हजारांच्या थोड्याच वर आहेत. त्यामुळे आत मुक्काम मिळाला तर आनंद, पण बेत त्यावर बांधू नये.

तरीही रद्द होणाऱ्या जागांवर लक्ष ठेवा, आणि ते नीट समजून ठेवा. तिथे बुकिंगच्या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. मॅडिसन, कॅन्यन, ग्रँट, ब्रिज बे आणि फिशिंग ब्रिज ही पाच मोठी ठिकाणे झँटेरा ही कंपनी चालवते आणि त्यांचे बुकिंग तिच्याच संकेतस्थळावर होते. बाकीची रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर आहेत. अनेक जण एकच संकेतस्थळ पाहून निराश होतात. रिक्रिएशन डॉट गव्हवर जागा मोकळी झाल्यास सूचना मागवता येते, पण त्या सूचनेवर विसंबून राहू नये, कारण ती एकाच वेळी अनेकांना जाते. मी सकाळच्या चहाबरोबर आणि रात्री झोपण्यापूर्वी स्वतः पाहतो. उशिरा रद्द केल्यास पहिल्या रात्रीचे भाडे जाते, म्हणून ज्यांचे बेत बदलतात ते बहुधा मुक्कामाच्या दोन-चार दिवस आधी जागा सोडतात. त्या दिवसांत विशेष लक्ष ठेवा. आणि सलग तीन रात्री शोधू नका, एकेक रात्र शोधा.

तुमच्यासाठी फिशिंग ब्रिजचा पर्याय सर्वांत उपयोगाचा ठरेल. त्या भागात ग्रिझली अस्वलांचा वावर असल्याने तिथे तंबूंना आणि कापडी भिंतींच्या गाड्यांना प्रवेश नाही. तुमच्या क्लास सी गाडीला तो आहे, त्यामुळे रद्द झालेल्या जागेसाठी स्पर्धा थोडी कमी होते. उद्यानात वीज, पाणी आणि सांडपाणी अशा तिन्ही जोडण्या फक्त तिथेच मिळतात. मॅडिसन फार सुंदर आहे, पण तिथे ना जोडण्या आहेत ना अंघोळीची सोय.

मोकळे_रान (फिनिक्स)

माझे मत थोडे वेगळे आहे. भरलेल्या कॅम्पग्राउंडच्या मागे लागण्यापेक्षा राष्ट्रीय वनांच्या जमिनीवर मोकळा मुक्काम करावा. बहुतेक वनांत एका ठिकाणी १४ दिवसांपर्यंत विनामूल्य राहता येते, शेजारी नसतो, जनरेटरचा आवाज नसतो आणि रात्री आकाशगंगा डोळे भरून पाहता येते. कोणत्या रस्त्यावर वाहन नेता येते, याचे नकाशे वनखाते विनामूल्य देते. जॅक्सनजवळच्या काही जागी मात्र उन्हाळ्यात पाचच दिवसांची मर्यादा आहे, तेवढे तपासून घ्यावे. आम्ही दोघे गेली सहा वर्षे असेच फिरतो आणि गर्दीचा त्रास आम्हाला जवळजवळ झालेला नाही.

निवृत्त_प्रवासी (फ्रीमाँट)

मोकळे_रान यांचे म्हणणे दोन धडधाकट माणसांसाठी अगदी खरे आहे. पाच जणांच्या कुटुंबासाठी, आणि त्यात दोन ज्येष्ठ असताना, आधी पाण्याचा हिशेब मांडावा लागतो. अशा गाडीत स्वच्छ पाण्याची टाकी साधारण ३५ ते ४० गॅलनची असते आणि शौचालयाची टाकी त्याहून लहान. घरच्यासारखा शॉवर घेतला तर पाच जणांना ते पाणी एक दिवसही पुरत नाही. बादलीत पाणी घेऊन तांब्याने अंघोळ केली, जी सवय आपल्या आई-वडिलांना उपजतच आहे, तर दोन दिवस निघतात. शौचालयाची टाकी मात्र कोणत्याही काटकसरीला दाद देत नाही.

दुसरे म्हणजे थंडी. यलोस्टोन सरोवर ७,७०० फुटांहून उंचावर आहे आणि जुलैतही काही रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो. हीटर प्रोपेनवर चालला तरी त्याचा पंखा बॅटरीवर चालतो, आणि वीजजोडणी नसेल तर पहाटे बॅटरी संपून गाडी गारठते. माझ्या सासऱ्यांना एकदा पहाटे तीन वाजता तशी थंडी सोसावी लागली. त्याची खंत मला आजही वाटते. शिवाय भाड्याच्या गाडीच्या करारात कच्च्या रस्त्यावर जाण्यास बहुधा मनाई असते आणि तिथे झालेले नुकसान विम्यात बसत नाही. म्हणून तुम्ही किमान एक रात्र आड तरी वीजजोडणीची जागा घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

भरलेल्या कॅम्पग्राउंडवरही झोप नीट लागू शकते, फक्त जागा निवडताना नकाशा पाहावा. लोक पाहतात ती जागेची लांबी आणि भाडे. मी आधी पाहतो की ती स्वच्छतागृह, डम्प स्टेशन आणि प्रवेशद्वार यांपासून किती दूर आहे, कारण रात्रभर विजेऱ्या आणि दारांचे आवाज तिथेच असतात. वळणाच्या टोकाची जागा मिळाली तर एका बाजूला शेजारीच नसतो. स्वतःच्या गाडीत शौचालय असल्यावर सार्वजनिक स्वच्छतागृहाजवळ राहण्याचे कारणही उरत नाही. बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत रात्री दहा ते सकाळी सहा ही शांततेची वेळ असते आणि जनरेटरच्या वेळा त्याहूनही मर्यादित असतात. कोणी ती वेळ पाळत नसेल, तर भांडण न करता कॅम्पग्राउंडच्या यजमानांना सांगावे. ते बहुधा प्रवेशाजवळच राहतात आणि लगेच येतात. गेल्या वर्षी तुम्ही हे केले नसावे, कारण आपल्या लोकांना तक्रार करणे अवघड वाटते, पण आईच्या झोपेसाठी ते अवश्य करावे.

वीजजोडणी ३० अँपियरची असेल तर एकूण ३,६०० वॅट मिळतात. एसी, मायक्रोवेव्ह आणि इंडक्शन एकदम लावले की ब्रेकर पडतो आणि भर दुपारी गाडी तापते. कुकर लावण्याआधी एसी बंद करण्याचा नियम घरात सर्वांना सांगून ठेवा. डम्प स्टेशनवर सकाळी दहा-अकराला, म्हणजे सगळे निघतात त्या वेळी, जाऊ नका. सातला किंवा दुपारी जा.

तळ्याकाठी (बॉइझी)

मी या भागात दर उन्हाळ्यात जाते, म्हणून ठिकाणांची नावे घेऊन लिहिते.

शुक्रवारी आणि शनिवारी उद्यानाच्या जवळ जाऊच नका. त्या दोन रात्री आयडाहो फॉल्स किंवा रेक्सबर्ग इथल्या खासगी जागेत काढा. तिथे दर कमी असतात आणि किराणा भरायला मोठी दुकाने आहेत. शनिवारी अ‍ॅश्टनजवळचा अप्पर मेसा फॉल्स पाहावा. सुमारे ११४ फुटांचा हा धबधबा लाकडी वाटांवरून अगदी जवळून दिसतो, आणि यलोस्टोनच्या मानाने गर्दी फारच कमी असते. मात्र खाली उतरायला पायऱ्या आहेत, त्यामुळे आईंसाठी वरून दिसते तेवढेच दृश्य पुरे मानावे.

मंगळवारसाठी वेस्ट यलोस्टोनच्या उत्तरेला तीन मैलांवर मॅडिसन नदीकाठी वनखात्याचे बेकर्स होल कॅम्पग्राउंड पाहा. तिथल्या काही जागांना वीज आहे. ते भरले असेल तर आयलंड पार्ककडची बफेलो आणि बटरमिल्क ही ठिकाणे पाहा. लोक उद्यानाच्या नावाने शोधतात, म्हणून वनखात्याच्या जागा त्यांच्या नजरेतून सुटतात.

आता गर्दीबद्दल. मुक्काम बाहेर असल्याने काही बिघडत नाही, फक्त घड्याळ बदलावे लागते. वेस्ट यलोस्टोनपासून ओल्ड फेथफुल हा गरम पाण्याचा प्रसिद्ध फवारा ३० मैलांवर आहे. सकाळी सहाला निघालात तर सातच्या आसपास तिथे पोहोचाल आणि मोठ्या गाडीला जागाही मिळेल. दहानंतर मिडवे गायझर बेसिन या गरम झऱ्यांच्या परिसराचा वाहनतळ इतका भरतो की २५ फुटी गाडी वळवणेही कठीण जाते. म्हणून क्रम असा ठेवा: पहाटे निघताना आई-बाबांना झोपूच द्या पण पट्टे बांधून आसनावर, पलंगावर नव्हे, पोहोचल्यावर गाडीतच पोहे-चहा करा, आठ-साडेआठपर्यंत ओल्ड फेथफुलचा परिसर पाहून घ्या आणि मग मिडवेला जा. दुपारी एखाद्या सहलीच्या जागी जेवण करून मुक्कामी परत या. भर दुपारी रस्त्यावर गवे आले की तास-तास वाहने खोळंबतात. त्या वेळी आई-बाबा झोपलेले असावेत. जुलैत नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे संध्याकाळी पाचनंतर दुसरी फेरी सहज होते. आम्ही माझ्या सासूबाईंना याच पद्धतीने नेले. संध्याकाळी सातला मिडवेतल्या ग्रँड प्रिझमॅटिक या रंगीत गरम झऱ्याच्या काठावर वाफ अंगावर घेत त्या दहा मिनिटे नुसत्या उभ्या राहिल्या, आणि मागून कोणी पुढे सरका म्हणणारे नव्हते.

स्वयंपाक झाल्यावर भांडी, तेल, अगदी रिकामा कुकरसुद्धा बाहेरच्या बाकावर ठेवू नका. फोडणीचा वास अस्वलांना दुरून येतो, आणि नियमही तसाच आहे.

सांगलीकर (शिकागो परिसर)

सर्वांचे मनापासून आभार. आजच बफेलोला मंगळवारची वीज असलेली जागा मिळाली, आणि शुक्रवार-शनिवारसाठी रेक्सबर्गला बुकिंग केले. बुधवार आणि गुरुवार कोडीकडे जाऊन पूर्व प्रवेशद्वाराबाहेरच्या शोशोनी वनातल्या जागेत राहावे, असा विचार आहे. तिथे बुधवारी जागा दिसते आहे. मोकळ्या मुक्कामाचा विचार या वेळी सोडून दिला आहे.

गिरिवाट (डेन्व्हर)

कोडीचा बेत कृपया बदला. जागा चांगल्या आहेत, पण तिथून सॉल्ट लेक सिटीपर्यंत आरव्हीने आठ तासांहून अधिक लागतात, आणि तुम्हाला शुक्रवारी दुपारी टाक्या रिकाम्या करून गाडी परत द्यायची आहे. शेवटच्या दिवशीच्या घाईचा ताण सगळ्यांत जास्त आई-बाबांना होईल.

त्याऐवजी बुधवारी यलोस्टोनमधून दक्षिणेला उतरून ग्रँड टेटनमध्ये जा. तिथले ग्रोव्हाँट्र हे कॅम्पग्राउंड मोठे आहे आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी रद्द झालेली जागा मिळण्याची आशा असते; जोडण्या हव्या असतील तर कोल्टर बेचा आरव्ही पार्क पाहा. गुरुवारी जॅक्सनमध्ये राहण्याचा हट्ट धरू नका, तिथले दर उन्हाळ्यात फार चढतात. दुपारी स्नेक नदीच्या घळईतून अल्पाइनमार्गे स्टार व्हॅलीत उतरा. टेटन पासचा रस्ता घेऊ नका, त्याचा उतार काही ठिकाणी १० टक्के आहे. स्टार व्हॅलीत हिरवी कुरणे आहेत, गर्दी नाही, आणि तिथून सॉल्ट लेक सिटी सुमारे चार तासांवर येते.

सांगलीकर (शिकागो परिसर)

कोडी रद्द. गुरुवारसाठी स्टार व्हॅलीत तिन्ही जोडण्यांची जागा आताच घेतली. बुधवारची एकच रात्र उरली आहे. ग्रोव्हाँट्र आणि कोल्टर बे या दोन्हींवर सकाळ-रात्र लक्ष ठेवतो.