निळा आणि पिवळा

कुणीतरी म्हटलंय की चित्रकलेच्या शिक्षकाचं बरं असतं, ना पेपर तपासायचे ना पोर्शन संपवायची घाई. पेपर नसतात हे खरं. पण तास संपल्यावर रंगाचं पाणी ओतणं, ट्यूबची घट्ट बसलेली झाकणं सोडवणं आणि मागे नाव नसलेलं चित्र कुणाचं ते रेषेवरून ओळखणं, यात मधली सुट्टी कधी संपते कळत नाही. ओळखायचं काम मात्र मला मनापासून आवडतं.

हायस्कूल म्हणजे "मला चित्र येत नाही" असं ठामपणे सांगायचं वय. या मुलांसाठी माझा लाडका तास रंग मिसळण्याचा. निळा आणि पिवळा मिळून हिरवा, हे सगळ्यांना पाठ असतं. मग एका गटाला अल्ट्रामरीन हा निळा द्यायचा, दुसऱ्याला प्रशियन ब्लू. पिवळा दोघांनाही तोच लेमन यलो. अल्ट्रामरीनमध्ये लालसर झाक असते, त्यामुळे त्याचा हिरवा मळकट, शेवाळी उतरतो. प्रशियन ब्लू हिरव्याकडे झुकलेला, त्याचा हिरवा जास्त टवटवीत. "सर, आमचा रंग खराब आहे!" अशी तक्रार आली की मजा सुरू. (झाडांना तो मळकटच जास्त शोभतो, हे मी मुद्दाम उशिरा सांगतो.)

आणि जलरंग सुकल्यावर फिके होतात, त्यामुळे पुढच्या तासाला "माझ्या चित्राला कुणी हात लावला?" हेही ठरलेलंच.