सगळ्या घराला दुहेरी काच? माझा विरोध आहे

रातपाळी

पुण्यात वारज्याला हायवेलगत तिसऱ्या मजल्यावर राहतो. इमारत २००४ची. खिडक्या बिल्डरने दिल्या त्याच, दोन ट्रॅकचं ॲल्युमिनियम स्लायडिंग, ४ मिमी काच, कडेचे ब्रश केव्हाच झडलेले. रात्री कंटेनर चढाला लागले की मांडणीवरचे पेले किणकिणतात.

बायकोच्या आग्रहाने यूपीव्हीसीवाल्याला (कडक प्लास्टिकच्या चौकटीच्या खिडक्या बसवणारा) बोलावलं. सात खिडक्या, ५-१२-५ची दुहेरी काच (दोन काचा ५ मिमीच्या, मध्ये १२ मिमी हवा), २ लाख १० हजार. जाता जाता म्हणाला, "साहेब, एसीचं बिल निम्मं होईल, आवाज तर झीरो." त्या 'झीरो'नेच डोकं फिरलं आणि मी कागद-पेन घेऊन बसलो.

साधी काच एका चौरस मीटरमागे, एका अंशाच्या फरकाला साधारण ५.७ वॉट उष्णता आत सोडते. साधी दुहेरी काच २.८. आमच्या बेडरूमची खिडकी ५ बाय ४ फूट, म्हणजे १.८६ चौरस मीटर. बाहेर ३७, आत २५ धरा. वाचली किती? ६५ वॉट. ती उपसायला एसीला वीज लागते त्याच्या साधारण एकतृतीयांश, वीस-बावीस वॉट. आठ तास एसी चालला तरी युनिटचा जेमतेम सहावा हिस्सा. त्यात आम्ही एसी लावतो रात्री, तेव्हा बाहेर ३७ नसतातच. एका खिडकीमागे रोजचे दोन रुपयेही सुटत नाहीत. २ लाख १० हजार वसूल होईपर्यंत नातवंडांची लग्नं होतील, आणि मला अजून सून यायचीय.

माझं मत : ही वस्तू बर्फ पडतो तिथली. आपल्याकडे विकली जाते ती शेजारच्या विंगमध्ये कुणीतरी बसवली म्हणून. बायकोचं म्हणणं, "हिशेब तू कर, पण झोप कुठून आणायची ते सांग."

लीड्सकरीण

गणित पटलं. इकडे इंग्लंडात हिवाळ्यात घरात २० आणि बाहेर २-३, तेही चोवीस तास, महिनोन्महिने. म्हणून इकडे जमतं. पण नुसत्या बिलासाठी खिडक्या बदलल्या असं मी तरी म्हणणार नाही. जुन्या खिडक्यांना रोज सकाळी आतून पाण्याचे ओघळ यायचे, खाली टॉवेल लावून ठेवायचो. खिडकीजवळच्या खुर्चीत कुणी बसायचं नाही. आता भांडणं होतात त्या खुर्चीवरून.

दुसरी बाजूही सांगते. इंग्लंडमध्ये जून २०२२पासून घराच्या खिडक्या बदलताना चौकटीत वर हवा खेळायची बारीक फट ठेवायला सांगतात. आमच्या ह्यांनी वारं येतं म्हणून त्यात कागद कोंबला. फेब्रुवारीत कपाटामागे काळी बुरशी! तिघांचा श्वास, कुकरची वाफ, आत वाळत घातलेले कपडे, ते पाणी जाणार कुठे? घर घट्ट बंद करताय तर हवा कुठून येणार ते आधी ठरवा. पुण्यात पावसाळ्यात हेच होईल.

निवृत्त_ओव्हरसियर

रातपाळी, तुम्ही नुसतं तापमान मोजलंत, ऊन मोजलंच नाहीत. खिडकी पश्चिमेला असेल तर दुपारी ४ला काचेवर चौरस मीटरमागे ५००-६०० वॉट सहज पडतात. तुमच्या १.८६ चौरस मीटरमधून आठ-नऊशे वॉट आत येतात, भिंतीला इस्त्री टेकवल्यासारखे. तुमचे ६५ वॉट त्यापुढे चिल्लर.

आता गंमत अशी की साधी पारदर्शक दुहेरी काच या उन्हाला फारसं अडवत नाही. साधीतून ८०-८५ टक्के येतं, दुहेरीतून ७०-७५. अडवतो तो लेप. बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला ऊन परतवणारा लेप असेल तर ३० टक्क्यांपर्यंत उतरतं. सेल्समन लेपाबद्दल अक्षर बोलला का? नसेल तर तो तुम्हाला लीड्सची खिडकी विकत होता.

पण मी लेपही घेणार नाही. ऊन काचेच्या बाहेर अडवावं हा आजोबांचा नियम. छज्जा, बांबूची चिक, वाळ्याचा पडदा. घरांसाठीची केंद्राची इको निवास संहिता २०१८ सालची. तीसुद्धा दुहेरी काच लावा असं म्हणत नाही. भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता सरासरी १५ वॉट प्रति चौरस मीटरच्या आत ठेवा म्हणते, कशी ते तुमचं तुम्ही बघा. आणि मुंबईसारख्या दमट हवेत उघडणाऱ्या खिडक्या चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के हव्यात असंही तिथेच आहे. उघडणाऱ्या!

घोडबंदरची_आत्या

तुम्ही सगळे उष्णतेवर घसरलात, बाईला झोप हवीय हे कुणी वाचलंच नाही. 

नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलचा. माझ्या गॅलरीत रात्री १ला मोबाइलने ६८ दाखवले. मोबाइलचं मोजमाप खरं मानू नका हवं तर, माझे कान माना. सासूबाईंना हृदयाचा त्रास, लेक नर्स, दिवसा झोपते. गेल्या दिवाळीआधी रस्त्याकडच्या दोन खोल्यांना दुहेरी काच घातली. पहिल्या रात्री भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतंय हे पहिल्यांदा कळलं. दुसऱ्या रात्री वरच्या मजल्यावरचा खलबत्ता ऐकू यायला लागला. इतकी वर्षं तो ट्रकांखाली दबला होता. त्याला काय काच लावणार!

तरी पैसे वसूल. बिलात नाही, माणसांत.

सेक्शनवाला

खिडक्यांच्याच धंद्यात आहे, त्यामुळे माझं म्हणणं पारखून घ्या.

आत्यांना फरक पडला तो दोन काचांमुळे कमी आणि पल्ल्यामुळे जास्त, पैज लावतो. तुमच्या खिडक्या दारासारख्या उघडतात ना? त्यात पल्ला हँडलने रबरावर दाबून बसतो. स्लायडिंगमध्ये नुसता ब्रश, पल्ला सरकायचा म्हणजे फट राहणारच. खिडकीच्या क्षेत्रफळात शंभरात एक भाग फट असली तर काच कितीही भारी घ्या, वीस डेसिबलच्या पुढे आवाज अडत नाही. आणि लोक मागतात काय? "स्लायडिंगच द्या, पण डबल ग्लास." देणारे देतातही. ही सरळ लूट आहे.

दुसरं, ५-१२-५. दोन्ही काचा एकाच जाडीच्या असल्या की दोघी एकाच सुरात थरथरतात. हॉर्न, माणसांची बोलणी यांना ठीक. कंटेनरची घरघर खालच्या पट्टीतली, तिच्यापुढे ही जोडी एका जाड काचेपेक्षा फार वेगळं करत नाही. एक काच ६ची आणि दुसरी लॅमिनेटेड (मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असलेली) मागा. याहून स्वस्त उपाय म्हणजे जुनी खिडकी राहू द्या आणि आतून चार इंच अंतर सोडून दुसरी लावा. आवाजाला ते चार इंच १२ मिमीपेक्षा कितीतरी भारी.

तिसरं, कडेच्या पट्टीत ओलावा शोषणारे दाणे असतात. सील गेलं की दाणे भरतात आणि दोन काचांच्या मधे धुकं धरतं. ते ना आतून पुसता येत, ना बाहेरून. अख्खी जोडी बदलावी लागते. वॉरंटी चौकटीची की काचेच्या जोडीची, ते बिलावर लिहून घ्या.

शेवगा

गॅस गिझर असलेल्या बाथरूमच्या खिडकीला कुणी हात लावू नका. तिथली तावदानं उघडी म्हणूनच माणसं जिवंत आहेत. बाकी चालू द्या.

रातपाळी

शेवगा, लाखमोलाची सूचना. सेल्समनच्या सात खिडक्यांत ती होती! 

रविवारी रात्री पंखा बंद करून उदबत्ती घेऊन खिडकीभर फिरलो. चौकटीच्या खाली धूर सरळ. दोन पल्ले मध्ये जिथे भेटतात तिथे मात्र फर्रकन आत वळला. एका कोपऱ्यात केबलवाल्याने पाडलेलं भोक सापडलं, पेन्सिल जाईल एवढं. सोमवारी माणूस बोलावून ब्रश बदलले, भोक आणि चौकटीची कड सिलिकॉनने भरली. १,४०० रुपये.

हॉर्न बोथट झाले. रिक्षांचा आवाज जवळपास गेला. पेले अजून किणकिणतात. बायको हॉलमध्ये झोपते.

तेव्हा सात खिडक्यांना माझा विरोध कायम. हायवेकडची एक, बेडरूमची, दारासारखी उघडणारी, लॅमिनेटेड काचेची करावी म्हणतो. आत्या, याला माघार म्हणू नका.

घोडबंदरची_आत्या

माघारच आहे ती.

निवृत्त_ओव्हरसियर

बाहेर ग्रिल आहे ना? मग पल्ला उघडणार कुठे?

रातपाळी

...ग्रिल. आत उघडावा तर लोखंडी कपाट आडवं येतं.

सेक्शनवाला

मग आतून दुसरी. कट्टा आतल्या बाजूला किती रुंद आहे?

रातपाळी

मोजला. कुंड्या हलवल्या तर साडेचार इंच. कुंड्या तिच्या आहेत. तिला तुम्ही सांगा.