पॉइंट टू टू रायफलवर स्वस्तातला रेड डॉट: कुठला घ्यावा?

डिचोलीकर
नमस्कार मंडळी. बाबांची पॉइंट टू टू बोल्ट रायफल आता माझ्या परवान्यावर आली आहे. रेंजवर 25 आणि 50 मीटरवर कागदी टार्गेट मारतो, बाकी काही नाही. पन्नाशी उलटल्यापासून पुढची माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा खुंट) धूसर दिसते. माशीवर नजर धरली की टार्गेट जातं, टार्गेट धरलं की माशी जाते. म्हणून रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारी नेम धरायची साइट) घ्यायचा विचार आहे, पण रायफलच जुनी, तिच्यावर महागडी वस्तू नको. काय बघून घ्यावा? आणि आचारसंहिता लागली की रायफल ठाण्यात जमा करावी लागते, तेव्हा डॉट काढून घरी ठेवला तर झिरो (ठिपका जिथे तिथेच गोळी, ही जुळणी) जातो का?

फोंडेकर
दादा, कंपनीचं नाव शेवटी. आधी रायफलीच्या माथ्यावर काय आहे ते व्हर्नियरने मोजा. पॉइंट टू टूवर बहुधा 11 मिलिमीटरची डोव्हटेल (तिरक्या कडांची) खाच असते, आणि बाजारातले जवळजवळ सगळे रेड डॉट पिकॅटिनी किंवा वीव्हर रेलवर (आडव्या खाचांच्या पट्टीवर) बसणारे. म्हणजे मधे अडॅप्टर लागणार, त्याचे पैसे आधीच धरा. काही जुन्या रायफलींना खाच नसतेच. मग भोकं पाडायचं काम परवानाधारक गनस्मिथकडेच द्यायचं, आणि तो खर्च डॉटपेक्षा जास्त होऊ शकतो.

उंचीकडेही बघा. आजकाल डॉटबरोबर उंच माउंट येतो, तो सरळ दस्त्याच्या रायफलींसाठी. तुमच्या जुन्या लाकडी दस्त्यावर गाल टेकून डोळा तिथवर पोचणार नाही, मान उचलून मारावं लागेल. सगळ्यांत बुटका माउंट घ्या.

ठिपक्याचा आकार एमओए या कोनाच्या मापात लिहितात. 1 एमओए म्हणजे 50 मीटरवर साधारण 14.5 मिलिमीटर, 25 वर त्याच्या निम्मा. 50 मीटरच्या आंतरराष्ट्रीय टार्गेटवर दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असतं, म्हणजे 2 एमओएचा ठिपकासुद्धा त्याला पूर्ण झाकतो. पण काळा गोल 112.4 मिलिमीटरचा आहे. त्याच्या मधोमध 2 किंवा 3 एमओएचा ठिपका ठेवला की भोवती सारखी काळी कड दिसते, आणि डोळा ती कड फार चांगली सांभाळतो. 6 एमओएवाला घेऊ नका, तो 50 वर काळ्या गोलाचा बराचसा भाग खातो. स्पर्धेत उतरायचा विचार असेल तर आधी नियम वाचा: आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) रायफल प्रकारांत रेड डॉट चालत नाही, तिथे पीप साइटच (बारीक भोकाची मागची साइट).

पॉइंट टू टूचा धक्का नगण्य, त्यामुळे साधा डॉटही टिकतो. (स्प्रिंगच्या एअर रायफलवर मात्र तोच लावू नका, तिचा दुहेरी झटका स्वस्त काचा खिळखिळ्या करतो.) माझ्या मते बुशनेल टीआरएस-25 पुरेसा: 3 एमओए ठिपका, सीआर2032 सेल, हा सेल घड्याळाच्या दुकानात मिळतो. थोडे जास्त द्यायची तयारी असेल तर सिग रोमिओ5 घ्या. त्याचा ठिपका 2 एमओए आहे आणि हलवलं की आपोआप पेटतो, त्यामुळे बंद करायला विसरलं तरी चालतं. परदेशातून परस्पर मागवू नका, परवानाधारक दुकानातून पक्क्या बिलावर घ्या.

दुकानात एक परीक्षा कराच. डॉट टेबलावर घट्ट ठेवा, ठिपका समोरच्या दूरच्या खांबावर आणा आणि फक्त डोकं डावी-उजवीकडे हलवा. ठिपका काचेत सरकेल, पण खांबावरून फारसा हलता कामा नये. हलला तर परत द्या.

आणि आपला पावसाळा! जून ते सप्टेंबर काचेवर बुरशी धरते, एकदा धरली की कोटिंग गेलंच. कापडी किंवा चामड्याच्या कव्हरात ठेवू नका. हवाबंद डबा, आत सिलिका जेल, सेल काढून वेगळा.

जमा करण्याचं म्हणाल तर डॉट काढूनच द्या. अडॅप्टर रायफलीवर राहू दे, रेलच्या कुठल्या खाचेत डॉट होता तिथे पेन्सिलीने खूण करा. परत लावताना त्याच खाचेत, पुढे ढकलून, तितकाच घट्ट आवळा. झिरो फारसा जात नाही, तरी 25 मीटरवर काही गोळ्यांचा एक गट मारून बघायचाच. झिरो तपासल्याशिवाय 50 ला जाऊ नका.

म्हापशाची चष्मेवाली
डिचोलीकर, तुमच्या नंबरात सिलिंडर (डोळ्याच्या वाकड्या गोलाईचा नंबर) आहे का? असेल तर ठिपका गोल दिसत नाही, शेपटी फुटलेली चांदणी दिसते. लोक डॉट खराब म्हणून परत करतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा: तिथे गोल आणि डोळ्याला वेडावाकडा, तर दोष डोळ्याचा.

डिचोलीकर
आहे ताई, उजव्या डोळ्याला सव्वा. रेंजवर एकाच्या डॉटमधून पाहिलं होतं, स्वल्पविरामासारखा दिसला! म्हणजे माझ्यासाठी रेड डॉट बादच का?

म्हापशाची चष्मेवाली
बाद नाही. लांबच्या नंबराचा, सिलिंडरसह, साधा चष्मा घाला. प्रोग्रेसिव्ह नको, रेडिमेड वाचायचा तर मुळीच नको. दस्त्यावर गाल टेकला की तुम्ही काचेच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून बघता, म्हणून फ्रेम मोठी घ्या आणि त्या स्थितीत नजर कुठे पडते ते दुकानात दाखवा. काच त्याप्रमाणे बसवता येते.

फोंडेकर
ताईंचं आधी ऐका. चष्मा करून मग त्याच मित्राच्या डॉटमधून पुन्हा बघा, त्यानंतरच पैसे काढा. प्रकाश नेहमी कमीत कमी ठेवा, ठिपका दिसेल इतकाच. वाढवला की पसरतो. एवढं करूनही शेपटी राहिली तर मागे पीप साइट लावून घ्या. बारीक भोकातून माशी आणि टार्गेट दोन्ही पुष्कळ स्पष्ट होतात, सेलही लागत नाही, आणि कागदावर मारायला ती रेड डॉटपेक्षा काकणभर सरसच आहे.

डिचोलीकर
डोव्हटेल मोजला, 11 मिलिमीटरच आहे. शनिवारी म्हापशाला येतो ताई, डोळे तपासून घ्यायला.