मदत हवी आहे : सातवीपासून दुसरी परकीय भाषा घ्यावी की एकट्या इंग्रजीवर भागवावं? (जर्मनी, गेझाम्टशूले)

नमस्कार मंडळी,

शाळेतून आलेला एक हिरवा कागद दहा दिवस झाले आमच्या फ्रीजवर लटकतोय. पुढच्या शुक्रवारी सही करून परत द्यायचाय आणि घरात एकमत काही होत नाहीये, म्हणून हा धागा.

आम्ही मूळचे नाशिकचे, सहा वर्षांपासून कोलोनजवळ राहतो. लेक बारा वर्षांची, गेझाम्टशूलेत सहावीत आहे. (जर्मनीबाहेरच्यांसाठी: आमच्या राज्यात चौथीनंतर मुलं वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत जातात. गेझाम्टशूलेत मात्र सगळ्या पातळ्यांची मुलं एकत्र असतात, आणि तिथूनही तेरावीपर्यंत जाऊन आबिटुअर, म्हणजे आपल्या बारावीसारखी परीक्षा, देता येते.)

सातवीपासून 'वालफ्लिश्ट' म्हणून एक जास्तीचा विषय निवडायचा असतो. तिच्या शाळेत चार पर्याय आहेत: फ्रेंच, विज्ञान, अर्थकारण आणि कामाचं जग, आणि 'डारश्टेलन उंड गेश्टाल्टन', म्हणजे नाटक, हालचाल, चित्रं, नेपथ्य असं सगळं मिळून एक. निवड आपली असली तरी एकदा घेतला की तो मुख्य विषय होतो. जर्मन, गणित, इंग्रजीच्या रांगेत जाऊन बसतो, लेखी परीक्षा असतात, आणि दहावीपर्यंत सहसा बदलता येत नाही.

खरी मेख पुढे आहे. आबिटुअर करायची तर दुसरी परकीय भाषा लागतेच. एक तर सातवी ते दहावी अशी सलग चार वर्षं, नाहीतर अकरावीला नवी भाषा सुरू करून थेट तेरावीच्या शेवटापर्यंत, आठवड्याला चार तास. म्हणजे आता 'नको' म्हटलं तरी सुटका नाही, फक्त वायदा पुढे ढकलला जातो. आबिटुअर करायचीच नसेल तर गोष्ट वेगळी. पण बारा वर्षांच्या पोरीबद्दल ते आज कोण सांगणार?

नवऱ्याचं म्हणणं, दार उघडं ठेवावं, फ्रेंच घ्यावी. लेकीला नाटक हवंय. कागदावर तिने नाटकाच्या चौकोनात पेन्सिलीने बारीक खूण केली होती, बाबांचं बोलणं ऐकून खोडली. खोडरबराचा डाग अजून दिसतो आणि तो बघितला की मला कसंतरीच होतं.

माझी अडचण वेगळी आहे. हिच्या डोक्यात आधीच तीन भाषा आहेत. घरी मराठी, शाळेत जर्मन, तिसरीपासून इंग्रजी. जर्मनमध्ये २ आहे, इंग्रजीत ३ (इथे १ सगळ्यात चांगला, ६ सगळ्यात वाईट). शब्दांच्या वहीत शाळेने दोन रकाने सांगितलेत, हिने स्वतःहून तिसरा आखलाय: श्मेटरलिंग, बटरफ्लाय, फुलपाखरू. चौथा रकाना आला की तिसरा जाईल, ही माझी भीती. पालकसभेत एका शिक्षकांनी 'घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलांवर फार ओझं नको' असं सुचवलं. ते काळजीने म्हणाले की आम्हाला कमी लेखून, हे काही कळलं नाही.

आपल्याकडे आठवीत 'संस्कृत संपूर्ण की संयुक्त' हा प्रश्न घरोघरी एका वाक्यात सुटायचा: संपूर्ण घे, मार्क पडतात. मीही तशीच घेतली. इथे फ्रेंचबद्दल 'स्कोअरिंग' असं कोणीच म्हणत नाही, त्यामुळे माझं गणितच बसेना.

मराठीच दुसरी भाषा म्हणून धरतात का, हेही विचारून झालं. ती सोय उशिरा इथल्या शाळेत आलेल्या मुलांसाठी असते, तुमची मुलगी पहिलीपासून इथेच आहे, असं उत्तर मिळालं.

ज्यांची मुलं यातून गेलीत त्यांनी कृपया लिहा. अकरावीत नवी भाषा झेपते का?

– गोदाकाठ

प्रतिसाद : रिमझिम

आमच्या मुलाने सातवीत विज्ञान घेतलं आणि अकरावीला स्पॅनिश. झेपते, पण घाम काढते. अकरावीत मुळात सगळंच नवं असतं, त्यात ही शून्यातून. दर आठवड्याला शब्दांचा ढीग, आणि चार तासांमुळे वेळापत्रकात दुसरं काही मनासारखं बसत नाही. एक फायदा मात्र झाला, भाषा त्याने स्वतः निवडली होती, त्यामुळे कुरकुर नव्हती. बारा वर्षांच्या मुलाने स्पॅनिशचं काय केलं असतं देव जाणे.

प्रतिसाद : खडूस काका

लेक डॉक्टर होणार असेल तर लॅटिन पाहिजे, फ्रेंच कशाला?

प्रतिसाद : रिमझिम

काका, ते जुनं झालं. मेडिकलला शाळेतलं लॅटिन लागत नाही, लागणारे शब्द पहिल्या सत्रांतल्या परिभाषेच्या कोर्समध्ये शिकवतात. शिवाय त्यांच्या कागदावर लॅटिन आहेच कुठे!

प्रतिसाद : सीमेवरची

मी आखेनमध्ये प्रौढांना फ्रेंच शिकवते, त्यामुळे माझं मत एकतर्फी धरा.

ओझ्याचं म्हणाल तर मराठी मुलांना जर्मन जड जायला हवी त्यापेक्षा कमी जाते, कारण जर्मनसारखीच तीन लिंगं, तो-ती-ते, आपल्या घरातच असतात. त्रेसष्ट म्हणताना आपणही तीन आधी आणि साठ नंतर म्हणतो, जर्मन अगदी तसंच करतात. फ्रेंचमध्ये तर लिंगं दोनच. छळतात ती क्रियापदं आणि लिहिलेलं-पण-न-उच्चारलेलं स्पेलिंग, तिथे पहिली दोन वर्षं रोज पंधरा मिनिटं कोणीतरी शेजारी बसायला लागतं. तेवढा वेळ घरात कुणाला नसेल तर खरंच घेऊ नका.

पण एक बघा. जर्मनमध्ये तुमची लेक कायम घरी जर्मन बोलणाऱ्या मुलांच्या मागून धावत आलीये. फ्रेंचच्या पहिल्या तासाला वर्गातली जवळजवळ सगळी शून्यावर असतात.

शिवाय इथून लिएज (बेल्जियममधलं फ्रेंच बोलणारं शहर) रेल्वेने तासाभराच्या आत येतं, कोलोनहूनही साधारण तासाभरात. १९६३ च्या एलिझे करारापासून (जर्मनी-फ्रान्स मैत्रीचा करार) जर्मन-फ्रेंच शाळांची देवाणघेवाण चालू आहे. आठवी ते अकरावीच्या मुलांना ब्रिगिट सोझे कार्यक्रमात तीन महिने फ्रान्समधल्या कुटुंबात राहून तिथल्या शाळेत जाता येतं, मग तिकडचं मूल तीन महिने आपल्याकडे. आधी सहा-सात वर्षं जर्मनीत रुळलेलं मूल तिथे बिचकत नाही, हे मी पाहिलंय.

आणि वालफ्लिश्ट ठरवायच्या आधी शाळेला एक तास नुसता बसून बघू द्या म्हणावं. बहुतेक शाळा नाही म्हणत नाहीत.

प्रतिसाद : खडूस काका

लॅटिनचे शब्द मागे घेतो. पण पोरीला विचारा हो, सगळे नवऱ्याचं आणि शिक्षकांचंच सांगताय.

प्रतिसाद : गोदाकाठ (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. काका, तुमचं बरोबर आहे, ते लागलं.

मंगळवारी ती सातवीच्या फ्रेंचच्या तासाला बसून आली. नव्याण्णवला 'चार वीस दहा नऊ' म्हणतात, हे ऐकून तिला हसू आवरेना. मी तिला सांगितलं, माझी आजी बाजारात पैसे असेच मोजायची, 'चार विसा न् दहा'. तिला खोटंच वाटलं, म्हणून नाशिकला आईला फोन लावून खात्री करून घेतली. मग वहीत चौथा रकाना आखला, पहिला शब्द पापियों. फुलपाखरू अजून जागेवर आहे.

पण ठरवलं ते त्यामुळे नाही. जेवताना म्हणाली, "आई, तिथे एक मुलगा माझ्यापेक्षा भारी जर्मन बोलतो, त्याला पण काहीच येत नव्हतं." आणि पुन्हा भात वाढून घेतला.

फ्रेंचवर खूण केली, या वेळी पेनाने, तिनेच. नाटकासाठी गुरुवारी शाळेनंतरचा गट आहे, तिथे नाव घातलंय. रोजची पंधरा मिनिटं नवऱ्याच्या गळ्यात. दार उघडं ठेवायची हौस त्याला होती.

कोलोन-बॉनकडे कुणाकडे फ्रेंच-जर्मन शब्दकोश पडून असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, येऊन घेऊन जाईन.