वायफाय कार्ड गेलं म्हणून लॅपटॉपच बदलायचा का?

सांखळीकर
मुलीचा लॅपटॉप कॉलेजसाठी घेतलेला, पस्तीस हजारांच्या आतला. वॉरंटी संपलीय. पाऊस सुरू झाल्यावर वायफाय मधूनमधून जायला लागलं. आता डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली जोडलेल्या भागांची यादी) त्याचं नावच दिसत नाही, आणि त्याच वेळी ब्लूटूथही गेलं. दुकानदाराने मागचं झाकण न उघडताच सांगितलं, बोर्डचं, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटचं, काम आहे, नऊ-दहा हजार होतील, त्यात थोडे घालून नवाच घ्या.

मला हे अजिबात पटत नाही. बहुतेक लॅपटॉपांत वायफाय कार्ड हा सुटा भाग असतो. २२ बाय ३० मिलिमीटरची पट्टी, एम.२ खाचेत बसवलेली, एक स्क्रू आणि अँटेनाच्या एक-दोन बारीक वायरी, एवढंच. वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही याच पट्टीवर असतात. दोन्ही एकदम गेली तर पहिला संशय कार्डावर जायला हवा. चांगलं कार्ड दीड-दोन हजारांत मिळतं. अशा भागासाठी माणसाला नवा लॅपटॉप घ्यायला लावणं म्हणजे त्याला माहिती नाही याचा फायदा उठवणं. हप्ते भरून घेतलेली वस्तू अशी माळ्यावर जाते याचा मला राग येतो. माझं मत, कार्ड बदलणं हीच पहिली दुरुस्ती. कोणाला वेगळं वाटत असेल तर कारणासकट सांगा.

म्हापसा_रिपेअर
मी याच धंद्यात आहे आणि तुमच्या विरोधात लिहितोय. झाकण न उघडता बोर्ड गेला म्हणणं चूकच. पण 'कार्ड बदला की झालं' हेही खरं नाही.

अगदी स्वस्त, बारीक लॅपटॉपांत, जिथे रॅम आणि स्टोरेजही बोर्डवरच असतं, तिथे वायफायची चिपही बोर्डवरच सोल्डर केलेली असू शकते. तिथे सुटं कार्ड नसतंच. काही कंपन्यांच्या जुन्या मॉडेलांत बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, मंजूर कार्डांची यादी असते. यादीबाहेरचं कार्ड घातलं की लॅपटॉप सुरू होता होता अडतो, एका कंपनीत पडद्यावर १८०२ येतं, दुसरीत १०४. मग इंटेलची एएक्स २०१ आणि एएक्स २११ ही कार्डं. दिसायला एएक्स २१० सारखीच, पण त्यांचं अर्धं काम इंटेलच्या चिपसेटमध्ये (प्रोसेसरच्या जोडीच्या चिपमध्ये) होतं, म्हणून एएमडीच्या लॅपटॉपमध्ये ती चालत नाहीत. लोक ऑनलाइन स्वस्त दिसलं म्हणून २०१ मागवतात आणि 'नुसतं बसवून द्या' म्हणतात. उलटही घडतं. काही लॅपटॉपांची खाच फक्त २०१-२११ जातीच्या कार्डासाठी जोडलेली असते, तिथे २१० ओळखलंच जात नाही.

आणि ते झाकण. स्क्रू काढले तरी चारी बाजूंनी प्लास्टिकच्या क्लिपा असतात. वापरून प्लास्टिक कडक झालेलं असतं. एक क्लिप तुटली की गिऱ्हाईक सांगतं, देताना चांगला होता. चार-पाचशेच्या मजुरीत ही जोखीम कोणी घ्यायची? बरेच दुकानदार म्हणून 'नवा घ्या' सांगून मोकळे होतात. समर्थन करत नाही, कारण सांगतोय.

पेडणेकर_ताई
कार्डही नको आणि बोर्डही नको. पाच-सातशेचा यूएसबी डोंगल, म्हणजे बाहेरून खोचायचं वायफाय, लावा आणि कामाला लागा. मी घरून काम करते, रोजच्या व्हिडिओ बैठका डोंगलवरच होतात. झाकण उघडायचं नाही, दुकानदाराची मनधरणी नाही. उद्या लॅपटॉप बदलला तर डोंगल नव्याला लागतो, कार्ड लागेलच असं नाही.

सांखळीकरबाब, दुरुस्ती कुठवर करायची याचाही हिशेब हवा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लॅपटॉप विंडोज ११ घेत नसेल, रॅम चार जीबी असेल, जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर दोन हजार कार्डात का घालायचे? तेच एसएसडीत (हार्ड डिस्कच्या जागी बसणारं वेगवान स्टोरेज) घाला, मुलीला रोज फरक जाणवेल.

सांखळीकर
ताई, एसएसडीचं पटलं. डोंगलचं नाही. बाजारात सहज हातात पडतात ते बोटाच्या पेराएवढे डोंगल वायफायच्या दोन नेहमीच्या पट्ट्यांपैकी, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, बहुधा फक्त २.४ वर चालतात. आमच्या वाड्यावर त्या पट्ट्यात शेजाऱ्यांचे सगळे राउटर एकमेकांच्या अंगावर येतात. केंद्राने ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा विनापरवाना वापरायला मोकळा केला, तो मग लॅपटॉपला मिळणारच नाही. शिवाय यूएसबी ३ च्या खाचेत हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्ह चालू असला की त्याचा रेडिओ-गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झवर पडतो. इंटेलनेच २०१२ मध्ये त्यावर लेख प्रसिद्ध केला होता. आणि स्वस्त लॅपटॉपला खाचा असतात दोन-तीन. माउस, पेनड्राइव्ह, वर डोंगल. कॉलेजच्या बॅगेत बाहेर आलेला डोंगल किती टिकणार?

पेडणेकर_ताई
दोन्ही पट्ट्यांवर चालणारे डोंगलही मिळतात, थोडे महाग. गोंगाट टाळायला हातभर लांबीची यूएसबी वायर पुरते. ब्लूटूथही असलेला डोंगल मिळतो. तुम्ही सगळ्यात स्वस्त डोंगल आणि सगळ्यात चांगलं कार्ड यांची तुलना करताय, ती बरोबर नाही.

फोंडा_लॅब
कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेची देखभाल करतो. इथे सगळे औषधावर भांडताहेत, रोग कोणी तपासलेला नाही. कार्ड, डोंगल, बोर्ड हे सगळं नंतर.

आधी लॅपटॉप पूर्ण बंद करा. विंडोजमध्ये 'शट डाउन' दाबताना शिफ्ट धरा, नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळे तो खऱ्या अर्थाने बंद होत नाही आणि अडकलेलं कार्ड तसंच अडकून राहतं. चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. हरवलेलं कार्ड एवढ्यानेच परत दिसू लागलेलं मी पाहिलंय. विशेषतः लॅपटॉप सदा झोपवून ठेवणाऱ्यांचं.

मग डिव्हाइस मॅनेजर. कार्डाचं नाव आहे पण पिवळी खूण आणि 'कोड १०' आहे, तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचाच ड्रायव्हर घाला. नाव आहे, चालतं, पण मध्येच तुटतं, तर कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवायला ते बंद करण्याची परवानगी आहे, ती काढून बघा. नावच नसेल तर पेनड्राइव्हवरून उबुंटू लाइव्ह (विंडोजऐवजी चालणारी लिनक्स प्रणाली) सुरू करा, काही इन्स्टॉल करायचं नाही. टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय ही आज्ञा दिली की पीसीआय जोडणीवरची उपकरणं दिसतात. त्या यादीतही कार्ड नसेल तर विंडोजचा दोष नाही, हे नक्की झालं. मगच झाकण.

आणखी एक प्रकार आहे आणि तो स्वस्त लॅपटॉपांतच जास्त दिसतो. कार्ड दिसतं, वायफाय जोडलं जातं, पण राउटरशेजारी बसल्याशिवाय चालत नाही. तिथे कार्ड बहुतेक वेळा निर्दोष असतं. अँटेना बऱ्याचदा पडद्याच्या चौकटीत असते आणि तिची वायर बिजागरीतून खाली येते. स्वस्त लॅपटॉपची बिजागरी उचकटते, वायर चिमटते, आतून तुटते. कार्ड दहा वेळा बदललंत तरी रेंज वाढणार नाही. पडदा उघडझाप करताना सिग्नल कमी-जास्त होतो का ते बघा, लगेच कळतं.

थिवीकर
लॅबवाल्यांच्या बोलण्यात एक भर. आपली जुनी घरं चिऱ्याची. हातभर जाडीच्या भिंती, पावसाळ्यात ओल धरलेल्या. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल अशा दोन भिंती ओलांडून आतल्या खोलीत धड पोचत नाही. लॅपटॉपला शिव्या देण्याआधी त्याच खुर्चीत बसून मोबाइलवर तेच वायफाय तपासा. मोबाइललाही रेंज नसेल तर राउटर वसरीतून (ओसरीतून) मधल्या खोलीत आणा, खर्च शून्य.

सांखळीकर
आमचा लॅपटॉप राउटरच्या शेजारीही चालत नाही, तेव्हा भिंतीचा दोष नाही. अर्ध्या मिनिटाचा उपाय केला, फरक नाही. उबुंटूच्या यादीतही कार्ड नाही.

वाळपई_विद्यार्थी
एक सांगू? तोवर मुलीचा अभ्यास थांबवू नका. मोबाइल यूएसबी वायरने लॅपटॉपला जोडून टेदरिंग, म्हणजे मोबाइलचं नेट लॅपटॉपला देणं, चालू करा. डोंगलही नको, कार्डही नको. मोबाइल घरच्या वायफायवर असेल तर बहुतेक अँड्रॉइड फोनमधून तेच नेट लॅपटॉपला मिळतं, डेटा जात नाही. ड्रायव्हर उतरवायलाही हाच रस्ता. २०२० च्या टाळेबंदीत सत्तरी-सांग्यातली मुलं नेटवर्कसाठी डोंगर चढत होती. घरात नेट असून लॅपटॉपमुळे अडून राहणं मला तरी सोसत नाही.

पण कायमचा उपाय म्हणून माझं मत कार्डालाच. आमच्यासारख्यांना दुसरा लॅपटॉप मिळणार नसतो. आहे तोच नीट करायचा असतो.

वास्को_लिनक्स
पेडणेकर ताईंच्या विंडोज १० च्या मुद्द्याला उत्तर. विंडोज ११ घेत नाही म्हणून लॅपटॉप मेला असं नाही, लिनक्स घाला. आणि लिनक्स घालणार असाल तर डोंगलपेक्षा कार्ड कितीतरी बरं. बऱ्याच स्वस्त डोंगलांचे ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, नसतात, बाहेरून बांधावे लागतात आणि कर्नल बदलला की पुन्हा तीच कसरत. एएक्स २०० ला कर्नल ५.१ पासून आणि एएक्स २१० ला ५.१० पासून आधार आहे, बसवलं की चालतं.

मात्र अँटेना मोजा. स्वस्त लॅपटॉपांत मूळ कार्ड एका अँटेनाचं असेल तर आत वायरही एकच असते. दोन अँटेनांचं २१० घातलं तरी वेग पूर्ण मिळणार नाही. चालेल, पण एएक्स २१० च्या जाहिरातीतल्या आकड्यांची अपेक्षा धरू नका.

म्हापसा_रिपेअर
हे बरोबर. आणि त्या वायरींचं टोक जपा. एम.२ कार्डावरचा अँटेनाचा कनेक्टर दीड-दोन मिलिमीटरचा, तीसेक वेळा काढघाल करण्यापुरताच बनवलेला. तिरका दाबला की कार्डावरचं बोंड चपटं होतं आणि नवं कोरं कार्ड वाया जातं. वायर ओढून काढायची नाही. प्लास्टिकच्या चपट्या पट्टीने सरळ वर उचलायची. बसवताना बरोबर मध्यावर ठेवून बोटाने दाबायची, टक् असा आवाज येतो. काळी-पांढरी कुठली कुठे होती त्याचा फोटो आधी काढा. आणि बॅटरीची जोडणी सुटी केल्याशिवाय आत हात घालायचा नाही.

पावसाळ्याचं म्हणाल तर किनाऱ्यालगतच्या घरांतून आलेल्या लॅपटॉपांत या कनेक्टरांवर हिरवट थर मी दरवर्षी पाहतो. खारी हवा आणि दमट महिने. कार्ड काढून खाच आणि कनेक्टर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेच कार्ड परत बसवलं की काही लॅपटॉप पुढे नीट चालतात. विकत घेण्याआधी एवढं करून बघाच.

मडगाव_ग्राहक
मला सांखळीकरांचा मूळ मुद्दा सोडायचा नाही, कारण चर्चा तंत्राकडे गेली आणि दुकानदाराची जबाबदारी बाजूला राहिली. दुरुस्तीचा हक्क म्हणून केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला पोर्टल सुरू केलं. काही मोठ्या लॅपटॉप कंपन्या आपापल्या मॉडेलांची दुरुस्ती-पुस्तिका साइटवर फुकट ठेवतात. कार्ड सुटं आहे की बोर्डवर, कुठली कार्डं चालतात, किती स्क्रू, सगळं त्यात आहे. दुकानदाराला ते बघायला पाच मिनिटं लागतात. जोखीम आहे म्हणता ना, मग तपासणीचे पैसे वेगळे घ्या. मी आनंदाने देईन. पण जोखीम टाळण्यासाठी खोटं निदान? ते मी मान्य करणार नाही.

म्हापसा_रिपेअर
तपासणीचे पैसे मागितले की दहातले आठ लॅपटॉप उचलून शेजारच्या दुकानात जातात, तिथे 'फुकट चेकिंग' असतं. फुकट चेकिंगवाला झाकण उघडत नाही, कारण त्यालाही पोट आहे. गिऱ्हाइकाने तपासणीचे पैसे द्यायची सवय लावली तर खोटं निदान आपोआप कमी होईल. तुमच्यासारखे म्हणतात तसे सगळे वागत नाहीत.

पेडणेकर_ताई
म्हणूनच मी डोंगलवर ठाम आहे. तपासणीचे तीनशे, मजुरी चार-पाचशे, कार्ड दोन हजार आणि वर 'चाललं तर चाललं'. साध्या माणसाला हा खेळ परवडत नाही. वॉरंटीतला लॅपटॉप असेल तर प्रश्नच नाही, कंपनीकडे द्या, स्वतः उघडू नका. वॉरंटीबाहेरचा असेल तर ज्याच्या हाताला सवय आहे त्यानेच उघडावा.

फोंडा_लॅब
सवय हात घातल्यानेच होते, ताई. आमच्या दुसऱ्या वर्षाची मुलं हे काम करतात. बाद झालेल्या लॅपटॉपांतली चालू कार्डं आम्ही काढून ठेवतो, गरजूला तीच बसवून देतो. उरलेला सांगाडा ई-कचऱ्यात. गोवा कचरा व्यवस्थापन महामंडळ ई-कचरा गोळा करायच्या मोहिमा घेतं, तिथे द्यावा, घराच्या मागे टाकू नये.

सांखळीकर
झाकण उघडलं. मॉडेलची पुस्तिका सापडली, कार्ड सुटंच आहे, खाच एम.२. वायर एकच, काळी. कनेक्टरवर म्हापसेकर म्हणतात तसा हिरवट थर होता. पुसून परत बसवलं. थोडा वेळ नाव दिसलं, मग गरम झाल्यावर पुन्हा गायब. म्हणजे बोर्ड गेलेला नसावा, असं माझं मत. प्रोसेसर एएमडीचा, त्यामुळे २०१-२११ बाद. पुस्तिकेत दिलेल्या क्रमांकांपैकी एखादं घ्यावं की एएक्स २१०, एवढंच ठरायचंय.

म्हापसा_रिपेअर
एकच वायर आहे, तर पुस्तिकेतल्या क्रमांकांपैकीच घ्या, बायोसच्या यादीची भानगड राहत नाही आणि पैसेही कमी. खात्री करायची असेल तर फोंड्याच्या लॅबमधलं एखादं चालू कार्ड आधी लावून बघा. ते तासभर गरम होऊनही टिकलं तरच नवं मागवा. तेही गायब झालं तर खाच किंवा बोर्ड, आणि तेव्हा मी पेडणेकर ताईंच्या बाजूने.

फोंडा_लॅब
शनिवारी दुपारपर्यंत लॅब उघडी असते. लॅपटॉप, चार्जर आणि काढलेला स्क्रू घेऊन या. तो स्क्रू बारीक असतो आणि हरवला तर कार्ड खाचेत उचललेलं राहतं.