लक्ष्मण शिवरामकृष्णनची कसोटी कारकीर्द विसाव्या वर्षीच का थांबली?

प्रश्न:
१९८४-८५ च्या इंग्लंड मालिकेचे धावफलक नुकतेच पुन्हा वाचले. वानखेडेवरच्या पहिल्या कसोटीत भारताचा लेगस्पिनर (मनगटाने चेंडू वळवणारा फिरकी गोलंदाज) शिवरामकृष्णन याने ६४ धावांत ६ आणि ११७ धावांत ६ असे बारा बळी घेतले आणि लगेच दिल्लीत पहिल्या डावात ९९ धावांत पुन्हा ६. तेव्हा त्याला एकोणिसावे वर्षही पूर्ण झालेले नव्हते. जानेवारी १९८६ मध्ये सिडनीला तो शेवटची कसोटी खेळला. एकूण ९ कसोटी, २६ बळी, आणि त्यांतले १८ या तीन डावांतले. ऐकीव गोष्टी बाजूला ठेवून, केवळ खेळाच्या अंगाने याचे कारण कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद १:
माझ्या मते त्याला फार लवकर खेळवले गेले. रणजी पदार्पणातच त्याने दिल्लीचे ७ गडी २८ धावांत बाद केले आणि १९८३ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तो अँटिग्वाला वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटी खेळत होता. तिथे एकही बळी मिळाला नाही. लेगस्पिनरला मार खाऊनही पुढच्या षटकात तोच चेंडू टाकण्याची सवय लागावी लागते, आणि ती देशांतर्गत सामन्यांतल्या शेकडो षटकांतूनच लागते. ऑस्ट्रेलियाचा लेगस्पिनर शेन वॉर्नने १९९२ मध्ये याच सिडनीत पदार्पण केले, तेव्हा १५० धावांत त्याला फक्त रवी शास्त्रीचा बळी मिळाला होता. पण तो बावीस वर्षांचा होता आणि त्याच्यासाठी निवड समितीने धीर धरला. शिवाची गोष्ट त्याच मैदानावर विसाव्या वर्षी संपली, हे मला आजही लागते.

प्रतिसाद २:
मी क्लब पातळीवर बरीच वर्षे लेगस्पिन टाकली आहे, त्यामुळे मनगटाविषयी लिहितो. लेगब्रेक, म्हणजे उजव्या फलंदाजापासून बाहेर वळणारा नेहमीचा चेंडू, सुटताना अनामिका शिवणीला ओढते आणि मनगट बाहेरून आत वळते. गुगलीसाठी, म्हणजे तसाच दिसून उलट आत वळणाऱ्या चेंडूसाठी, तेच मनगट आणखी वळवून हाताची मागची बाजू फलंदाजाकडे न्यावी लागते. गुगलीवर बळी मिळू लागले की ती अधिकाधिक टाकाविशी वाटते आणि नकळत मनगटाला तीच सवय जडते. मग लेगब्रेक वळेनासा होतो, टप्पा चुकतो, कधी फुलटॉस तर कधी आखूड चेंडू पडतो. मला स्वतःला लेगब्रेक परत मिळवायला दोन मोसम लागले, तेही कोणी पाहत नसताना. हे सर्व कसोटी संघात राहून दुरुस्त करायचे म्हटले, तर एका अपयशानंतर वगळले जाण्याची भीती चेंडूला उंचीच देऊ देत नाही.

प्रतिसाद ३:
वयाचा मुद्दा मान्य आहे, पण तो पुरेसा नाही. लेगस्पिनर नरेंद्र हिरवानीने १९८८ मध्ये चेन्नईत पदार्पणातच १३६ धावांत १६ बळी घेतले, तरी त्याचीही कारकीर्द १७ कसोटी आणि ६६ बळींवर थांबली. पहिल्या यशानंतर दोघांकडून दर सामन्यात तेच अपेक्षिले गेले. चार बळींचा दिवसही मग अपयश ठरतो. उरलेल्या काळात या मुलांना सांभाळेल असा गोलंदाजीचा प्रशिक्षक तेव्हा भारतीय संघाबरोबर नसे, हे विसरू नये.

प्रश्नकर्ता:
तिन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. गुगलीचे स्पष्टीकरण मला सर्वांत पटले, मात्र एक गोष्ट त्यात जोडावीशी वाटते. १० मार्च १९८५ रोजी वर्ल्ड चॅम्पियनशिप ऑफ क्रिकेट या एकदिवसीय स्पर्धेच्या मेलबर्नमधील अंतिम सामन्यात ४८ वर खेळणारा पाकिस्तानचा जावेद मियाँदाद शिवरामकृष्णनच्या चेंडूवर पुढे सरसावून चुकला आणि यष्टिरक्षक सदानंद विश्वनाथने त्याला यष्टिचीत केले. फिरकी इतकी छान खेळणाऱ्या फलंदाजाला क्रीजबाहेर ओढणारा तो चेंडू शिवरामकृष्णनच्या शेवटच्या कसोटीच्या अवघ्या दहा महिने आधीचा आहे.