ली ना हिला पहिले ग्रँड स्लॅम विजेतेपद मिळायला २९वे वर्ष का उजाडले?

प्रश्न:
चिनी टेनिसपटू ली ना हिने २००४ मध्ये ग्वांगझूला पात्रता फेरीतून येऊन एकेरीचे विजेतेपद पटकावले आणि डब्ल्यूटीएची (महिलांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेची) एकेरी स्पर्धा जिंकणारी ती पहिली चिनी महिला ठरली. २००६ मध्ये तिने विम्बल्डनची उपांत्यपूर्व फेरीही गाठली. तरीही फ्रेंच ओपन तिने जिंकली ती थेट २०११ मध्ये. एवढा विलंब दुखापतींमुळे झाला, की चीनच्या क्रीडाव्यवस्थेमुळे?

पहिले उत्तर:
माझ्या मते मुख्य कारण व्यवस्थाच होती. २००८च्या अखेरपर्यंत खेळाडूचा प्रशिक्षक कोण असेल आणि तिने कोणत्या स्पर्धा खेळायच्या, हे चीनचा टेनिस महासंघ ठरवत असे, शिवाय बक्षिसाच्या रकमेतील सुमारे ६५ टक्के वाटाही त्याच्याकडेच जाई. बीजिंग ऑलिंपिकनंतर ली ना, झेंग जिए, यान झी आणि पेंग श्वाई या खेळाडूंना स्वतःचा प्रशिक्षक संघ निवडण्याची मुभा मिळाली आणि महासंघाचा वाटा ८ ते १२ टक्क्यांवर आला. त्यानंतर दोनच वर्षांत ली ना पहिल्या दहांत पोहोचली.

दुसरे उत्तर:
वरील मत बरेचसे पटते, पण जुनी व्यवस्था सरसकट निष्फळ होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये महिला दुहेरीचे सुवर्णपदक चीनला मिळाले आणि २००६ मध्ये झेंग जिए व यान झी यांनी ऑस्ट्रेलियन ओपन आणि विम्बल्डन या दोन्ही स्पर्धांत दुहेरी जिंकली. एकत्र सराव करून घडवलेल्या जोड्यांना ती शिस्त मानवत होती. एकेरीत मात्र एका खेळाडूच्या शरीराला आणि स्वभावाला साजेसे वेळापत्रक लागते आणि ते सामुदायिक शिबिरात मिळणे अवघड असते.

प्रश्नकर्ता:
मग २००२ ते २००४ या काळात ती खेळापासून दूर होती, ते वर्षांचे नुकसानच म्हणायचे का?

तिसरे उत्तर:
मी तसे म्हणणार नाही. त्या काळात तिने वुहानमधील विद्यापीठात पत्रकारितेचे शिक्षण घेतले आणि ती परतली ती स्वतःच्या इच्छेने. इतरांनी लहानपणी बॅडमिंटनमधून टेनिसकडे वळवलेल्या मुलीसाठी हा फरक फार मोठा होता. उणिवा नंतरही होत्याच. आघाडीवर असताना तिचा फोरहँड ढासळत असे, म्हणून २०१२ मध्ये कार्लोस रॉड्रिगेझ प्रशिक्षक म्हणून आल्यावर तिच्या फोरहँडवर आणि सर्व्हिसवर नव्याने मेहनत घेतली गेली. २०१३च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात पहिला सेट जिंकल्यावर तिचा घोटा दोनदा मुरगळला, दुसऱ्यांदा तर डोके कोर्टवर आपटले, आणि अझारेंकाने तो सामना ४-६, ६-४, ६-३ असा जिंकला. पुढच्याच वर्षी तिसऱ्या फेरीत साफारोव्हाविरुद्ध मॅच पॉइंट (प्रतिस्पर्ध्याला सामना जिंकायला एकच गुण हवा असताना) वाचवून तिने तीच स्पर्धा जिंकली. अंतिम फेरीत सिबुल्कोव्हाला तिने ७-६, ६-० असे हरवले. अखेर गुडघ्यांनी साथ सोडली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिने निवृत्ती जाहीर केली. दुखापतींचा प्रश्न विचारायचा तर तो या शेवटाबद्दल विचारावा, असे मला वाटते.